बाहेर हाय

मास्तरांना मी कधी घाईत पाहिलं नाही, आणि त्या एका गोष्टीचा मला जेवढा संताप यायचा तेवढा दुसऱ्या कशाचाच यायचा नाही. अख्खा क्लास 'नेट गेलं, नेट गेलं' म्हणून बोंबलत असायचा. दोनशे पोरं खोळंबलेली, संचालक सरांचा मला चौथा फोन आलेला, आणि हा माणूस दारात चपला काढणार, पायपुसण्याला पाय पुसणार, शर्टाच्या खिशातून चष्मा काढून तो पायजम्याला पुसणार, आणि मग शांतपणे विचारणार, "कवापासून?"

"आत्तापासून, मास्तर!"

"आन् त्याच्या आदी काय बदललं?"

"काही नाही बदललं हो!"

"बदलल्याबिगर काय बिघडत न्हाई, बाई. याद करा."

मी मूळची कंधारची. लातूरला फिजिक्स शिकवायला आले तेव्हा इथं क्लासचं पीकच आलेलं होतं. एकेका गल्लीत दहा-दहा बोर्ड, आणि प्रत्येक बोर्डावर डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो. नायगावपासून शिरूर अनंतपाळपर्यंतची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन एसटीतून उतरायची. मी स्वभावानं तापट, म्हणून संचालक सरांनी मला परीक्षांची प्रमुख केलं. परीक्षा संगणकावर, म्हणजे नेटवर्क आलं, आणि नेटवर्क म्हणजे मास्तर. असं आमचं दोघांचं नशीब एकमेकांना बांधलं गेलं.

त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं. तरुणपणी नांदेडकडं टेलिफोनच्या तारा ओढायच्या कामावर होते, मग केबल टीव्ही, मग हे. सगळं हातानं शिकलेले. लाइन तुटली की अजूनही तारेला बोटं लावून चालायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीकडेनं, कपाटामागून, मध्येच थांबून. राउटर बंद करून चालू करायला त्यांचा सक्त विरोध. "बेशुद्ध करून शुद्धीवर आनलं म्हंजी आजार गेला का?" असं म्हणायचे. मी त्यांच्या पाठीमागं गुपचूप दोनदा बटण दाबलेलं आहे, आणि दोन्ही वेळा त्यांना ते कळलं होतं.

त्यांना मास्तर म्हणायचं कारण हजेरी. जिन्याखाली एक बारकी खोली होती, त्यात राउटर आणि मास्तर. रोज सकाळी साडेसातला, पहिली बॅच भरायच्या आत, ते लाल कापडाच्या बांधणीचं एक लांबडं रजिस्टर उघडायचे. नेटवर्कवरच्या यंत्राला हाक मारायची एक सोय असते. यंत्र चालू असलं तर पडद्यावर उत्तर येतं. एकच आज्ञा देऊन सगळ्या यंत्रांची यादी दोन मिनिटांत निघते. मास्तर एकेकाला हाक मारायचे, आणि तीही तोंडानं नाव घेऊन. "प्रयोगशाळा चार. हाय. आफिसातला प्रिंटर. हाय. नायगावची सुवर्णा." उत्तर नाही आलं तर थोडं थांबायचे, पुन्हा हाक मारायचे, आणि मग त्या नावापुढं लिहायचे, 'बाहेर हाय'.

आता हे नाव काय नि नंबर काय, ते सांगते. नेटवर्कवर आलेल्या प्रत्येक फोनला, संगणकाला एक नंबर लागतो. तो राउटर आपोआप देतो. त्या देण्याला डीएचसीपी म्हणतात. नंबर ठरावीक मुदतीचा असतो. तुम्ही गेलात, मुदत संपली, की तोच नंबर दुसऱ्याला. सगळ्या जगात असंच चालतं. मास्तरांना ते मंजूर नव्हतं. आमच्याकडं एकदा नंबर मिळाला की तो त्याचाच. मास्तर त्या पोराचं नाव, गाव, यंत्राची खूण रजिस्टरात लिहायचे आणि राउटरमध्ये तो नंबर कायमचा बांधून टाकायचे.

एकदा मी रजिस्टर चाळलं. "अहो मास्तर, हा इरफान आमच्या कंधारचा. पास होऊन दोन वर्षं झाली त्याला. औरंगाबादला शिकतोय."

"मंग बाहेर हाय म्हना की."

"परत येणार आहे का तो?"

"त्ये तुमाला काय मालूम?" असं म्हणून त्यांनी रजिस्टर माझ्या हातातून हळूच काढून घेतलं.

मी हे स्टाफरूममध्ये साभिनय सांगितलं. सगळे पोट धरधरून हसले. तेव्हापासून आमच्यात ती म्हणच पडली. कुणी तासाला उशिरा आलं, की कुणीतरी मास्तरांच्या आवाजात म्हणायचं, "बाहेर हाय!" वरातीच्या पुढं मीच होते. हे मी लपवत नाही.

पण माणूस कामाचा होता. एकदा आठवडाभर विचित्र प्रकार चालला. निम्मे संगणक नीट, निम्म्यांना परीक्षेचा सर्व्हरच दिसेना. आणि कुठले निम्मे ते रोज बदलायचं. मास्तरांनी बंद पडलेल्या एका संगणकाचा नंबर पाहिला आणि म्हणाले, "ह्यो नंबर म्या दिलेला न्हाई." मग त्यांनी एकेक केबल उपसून बघायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी दुपारी स्टाफरूममध्ये आले, केमिस्ट्रीच्या सरांचं कपाट सरकवायला लावलं, आणि मागून एक बारका राउटर काढला. सरांना मोबाइलवर मॅच बघायला रेंज मिळेना, म्हणून त्यांनी घरचा राउटर आणून भिंतीतल्या केबलला जोडून ठेवला होता. तोही आपल्या परीनं येईल त्याला नंबर वाटत बसला होता. ज्याला मास्तरांचा राउटर आधी भेटला तो तरला, ज्याला हा भेटला तो अडकला.

सरांचा चेहरा पडला. मी तोंड सोडणार, तेवढ्यात मास्तरांनी तो राउटर पुसून सरांच्या हातात दिला. "घरी न्या, सर. खामखा इज्जत नका घालवू त्याची. पर एका गावात दोन याद्या करू नका. दोन याद्या झाल्या की मदल्यामदी मानसं गायब हुत्यात."

मला वाटलं, म्हातारा बोलायला लागला की असंच काहीबाही बोलतो. मी त्याही वाक्याची नक्कल करून घेतली.

त्यांची आणखी एक गोष्ट मला नेहमी आठवते. राउटरकडून नंबर मिळाला नाही, तर संगणक काही वेळ वाट बघतो आणि मग स्वतःच स्वतःला एक नंबर लावून घेतो. तो एकशेएकोणसत्तरनं सुरू होतो. असा नंबर पडद्यावर दिसला की मास्तरांचा आवाज खाली यायचा. "ह्याला कुनी वळखलं न्हाई, बाई. मंग ह्यानं आपलं आपनच नाव ठिवलं. पर त्या नावानं ह्याला कुनी वळखत न्हाई." आणि ते यंत्र जोडलं जाईपर्यंत ते जेवायला उठायचे नाहीत.

मग जूनमधला तो रविवार आला. निवड चाचणी होती. चाचणीतून वरच्या वीस जणांची शिकवणी आणि राहणं-खाणं क्लास फुकट करणार होता. बाकीच्यांसाठी आमचा क्लास म्हणजे लांबूनच बघायची गोष्ट. खालच्या हॉलमध्ये आमचे नेहमीचे संगणक होते. वरच्या हॉलसाठी चाळीस लॅपटॉप भाड्यानं आणले होते. दहाला पेपर सुरू झाला. पेपर सर्व्हरवरून सुटायचा आणि साडेअकराला आपोआप बंद व्हायचा, कुणी सुरू केला असो वा नसो.

दहा वाजून तीन मिनिटांनी वरून निरोप आला. चाळीसच्या चाळीस लॅपटॉप एकशेएकोणसत्तर.

मी जिना चढून वर गेले. पोरं कोऱ्या पडद्यासमोर बसलेली. कडेच्या बाकावर शिरूर अनंतपाळची एक मुलगी होती. सकाळी गेटवर मीच तिचं प्रवेशपत्र तपासलं होतं. पहिल्या एसटीनं आईबरोबर आली होती. आई अंगणवाडीत मदतनीस. मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "म्याडम, हितं जमलं तर जमलं. न्हाईतर हिच्या पुस्तकाला म्या काय पुरी पडत न्हाई." ती बाई आता खिडकीच्या गजाला धरून बाहेरच्या व्हरांड्यात उभी होती. मुलगी दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. तिनं एकदाही मान वर करून विचारलं नाही की काय झालंय. बाकीची पोरं गलका करत होती, ही नाही. मला तिचीच जास्त भीती वाटली.

मी धावत जिन्याखाली आले. मास्तर रजिस्टर उघडून बसले होते. चेहरा मातीसारखा.

"काय झालं, मास्तर?"

"जागा सरली, बाई."

राउटरकडं वाटायला दोनशे त्रेपन्न नंबर होते. दोनशे त्रेपन्न नावं रजिस्टरात होती. इरफान, सुवर्णा, तीन-चार वर्षांत पास होऊन, नापास होऊन, क्लास सोडून गेलेली पोरं, त्यांचे फुटलेले, विकलेले फोन, सगळे आपापला नंबर धरून 'बाहेर' होते. नव्या चाळिसांना द्यायला एकही उरला नव्हता.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"जागा कमी व्हत चालली, त्ये दिसत व्हतं. पर कुनाला काडू? कुनी सांगावं आज यील म्हनून."

माझा तोल गेला. आवाज जिन्यावरून वर गेला असणार. "जी माणसं इथं नाहीतच, त्यांची जागा अडवून कशाला बसलात? वर जिती-जागती पोरं बसलीत! काढा ती नावं!"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. ओळखीचं कुणी दिसावं तसं पाहिलं. म्हणाले, "हेच शब्द, बाई. हेच." मला अर्थ कळला नाही, आणि विचारायला फुरसत नव्हती.

"कुनाला काडू, त्ये तुमी सांगा," ते म्हणाले.

"जुने आधी. वरून सुरुवात करा. सगळे एकदम निवडा आणि पुसा."

"एकदम न्हाई. येक-येक."

"मास्तर, वेळ चाललाय!"

"येक-येक," ते पुन्हा म्हणाले. त्या आवाजापुढं माझं काही चाललं नाही.

त्यांनी पहिलं नाव मोठ्यानं वाचलं. पडद्यावर पुसलं. रजिस्टरात लाल पेनानं, पट्टी लावून, रेघ मारली. मी कळवळून म्हटलं, रेघा नंतर मारा. "नंतर ऱ्हाऊन जातं," म्हणाले. दुसरं नाव. तिसरं. "कंधारचा इरफान." रेघ. एकेक नाव गेलं की वरून शिपाई ओरडायचा, "एक लागला! आणखी एक!" रेघ मात्र दर वेळी सरळ येत होती. सुवर्णाच्या नावाशी ते थांबले, घोटभर पाणी प्यायले, आणि पुढं गेले. चाळीस नावांना बावीस मिनिटं लागली.

शेवटचा लॅपटॉप लागला तो कडेच्या बाकावरचा. मी वर गेले तेव्हा ती मुलगी पहिला प्रश्न वाचत होती. तिची अठ्ठावीस मिनिटं गेली होती. खिडकीतून आईनं मला हात जोडले. मला तो नमस्कार घ्यायची लाज वाटली.

मुलगी निवडली गेली. विसावी. निकाल लागला त्या दिवशी मी जिन्याखाली सांगायला गेले, तर मास्तर खोलीच्या किल्ल्या आणि रजिस्टर टेबलावर मांडून बसले होते. संचालक सर त्यांना एक शब्दही वावगं बोलले नव्हते. त्यांनी फक्त सांगितलं होतं, इथून पुढं नंबराची मुदत आठ तास ठेवा.

"आठ तासांची हाजरी काय घ्यायची, बाई? म्या जातो."

मी म्हटलं, "मास्तर, 'हेच शब्द' म्हणालात त्या दिवशी. कोणाचे शब्द?"

मग त्यांनी सांगितलं. सांगताना चष्मा पुसत राहिले.

भूकंपाच्या वेळी ते गणपतीसाठी गावाकडं आलेले होते. पहाटे घर बसलं. त्यांना आणि बायकोला लोकांनी उपसून काढलं. लेकरंबाळं होती का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बायकोचे दोन्ही पाय लुळे पडले होते, तिला सोलापूरला दवाखान्यात नेलं, हे बरोबर गेले. तेवीस दिवस तिथं. इकडं गावात जगल्या-वाचल्यांची यादी झाली, यादीवरून पत्र्याच्या शेडांना नंबर पडले. एक यादी गावकऱ्यांनी केली, एक बाहेरून आलेल्यांनी. एकीत हे दोघं होते, दुसरीत नव्हते. सोलापूरहून बायकोला घेऊन परत आले, तर त्यांच्या नावावर रेघ होती. शेजारी लिहिलेलं, 'कुटुंब हयात नाही'. शेडात दुसरं बिऱ्हाड, त्यांच्याकडं तान्हं लेकरू. ह्यांनी कारकुनाला म्हटलं, आम्ही आहोत की. कारकून म्हणाला, हजेरीला नव्हतात. जी माणसं नाहीत त्यांची जागा अडवून कशी ठेवायची?

"तवापासून तिनं एकच धरलं," मास्तर म्हणाले. "रोज सकाळी मला म्हनायची, माजं नाव पुकारा. आपुन हावोत का न्हाई, त्ये तरी कळू द्या. म्या पुकारायचो. ती 'हाय' म्हनायची. मंगच च्या पेयाची. अजून घेऊन राहिलो हाजरी तिची. हितं येयाच्या आदी पयली तिची."

त्यांनी चपला घातल्या आणि गेले.

त्यानंतर वर्षभरानं क्लासची नांदेडला शाखा निघाली. तिथलं नेटवर्क बसवायला एक तरुण इंजिनिअर आला. बोलता बोलता मी त्याला तो रविवार सांगितला. तो ऐकत होता, मध्येच हसला. "एवढ्यासाठी चाळीस नावं काढली? मॅडम, मास्क बदलायचा की! राउटरवर आणि सर्व्हरवर एक आकडा बदलायचा. दोनशे त्रेपन्नचे पाचशेवर झाले असते. दोन मिनिटांचं काम. कुणालाच काढावं लागलं नसतं."

मी त्याला तो आकडा कागदावर लिहून द्यायला लावला. मग बाहेर येऊन जिन्यावर बसले आणि रडले. उगंच नाही रडले. चिडून रडले, स्वतःवर.

पुढच्या रविवारी मी मास्तरांच्या गावाला गेले. पुनर्वसनाचं गाव, सरळ रेषेतले रस्ते, एकसारखी घरं. त्यांना घर मिळालं ते उशिरा, अगदी शेवटच्या ओळीत. मी दारात पोचले तेव्हा सकाळचे साडेसात वाजले असतील. आतून मास्तरांचा आवाज आला. त्यांनी एका बाईचं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश. दुसरा आवाज म्हणाला, "हाय." मग कपबशा वाजल्या.

मास्तरांनी मला खाटेवर बसवलं. त्यांची बायको भिंतीला टेकून, पाय लांब सोडून, सुपात तूर निवडत होती. तिनं मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "ह्याच त्या व्हय, रागीट बाई?" मी म्हटलं, हो, मीच ती.

मी कागद काढला. मास्तरांना तो आकडा दाखवला, मास्क म्हणजे काय ते सांगितलं. हा आकडा म्हणजे गावाची शीव. शीव बाहेर सरकवली की गाव दुप्पट होतं. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीच्या उजेडात धरला, आणि बोटानं आकड्यावरून फिरले, तारेवरून फिरायचे तसेच. त्यांना एका दमात समजलं. समजायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला.

"म्हंजी कुनालाच काडायची गरज नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती. मास्तर, चुकलं माझं. मी ओरडले. मी काढायला लावली नावं."

"तुमाला मालूम नव्हतं, बाई. मलाबी नव्हतं." त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "जागा व्हती म्हना की." मग बायकोकडं वळून म्हणाले, "ऐकलंस का? जागा व्हती म्हन. त्या कारकुनालाबी मालूम नसंल, बिचाऱ्याला."

बाईचा हात सुपात थांबला. तिनं एक खडा उचलून दाराबाहेर टाकला.

"त्याला कशाला मालूम पायजे?" ती म्हणाली. "त्याच्या डोळ्याम्होरं समदं रान मोकळं पडलं व्हतं."